गव्हाच्या कोठारांचा धनी कोण?

कॅनडाच्या पश्चिम भागांत सास्कॅचेवान नांवाचा एक प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेकडील गव्हाची भूमि इतकी सपाट, कीं आगगाडींतून जाणाऱ्या प्रवाशास पुढचें गांव बऱ्याच आधीं दिसूं लागे. आणि प्रथम जें दिसे तें देवळाचें शिखर नसे. रुळांच्या कडेला उभें असलेलें लांकडाचें उंच, वर निमुळतें होत गेलेलें धान्याचें कोठार तेवढें आधीं नजरेस पडे. त्याला तिकडे ‘एलेव्हेटर’ म्हणत. कारण त्याच्या पोटांत पोहऱ्यांची एक माळ आपल्याकडील रहाटगाडग्याप्रमाणें फिरत राही, आणि शेतकऱ्याच्या गाडींतून ओतलेला गहूं वर चढवून प्रतवारीप्रमाणें निरनिराळ्या कप्प्यांत सोडी. तेथून तो आगगाडीच्या वाघिणींत, तेथून बंदरावर, आणि बंदरावरून परदेशीं.

या कोठारांच्या भिंतींवर मालकाचें नांव मोठ्या अक्षरांत रंगविलेलें असे. विसाव्या शतकाच्या मध्यास सास्कॅचेवानमधील शेंकडों गांवांत तें नांव एकच होतें : ‘सास्कॅचेवान व्हीट पूल’. येथें पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. सामाईक सांठा असा त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. ही कोणा धनिकाची पेढी नव्हती, सरकारी खातेंहि नव्हतें. ज्या शेतकऱ्यांचा गहूं त्या कोठारांत जाई, त्यांच्याच मालकीची ती सहकारी संस्था होती. आज तीं लांकडी कोठारें बहुतेक पाडलीं गेलीं आहेत, तें नांव व्यवहारांतून गेलें आहे, आणि त्या शेतकऱ्यांच्या नातवांचा गहूं जी कंपनी विकत घेते तिचे मालक शेअरबाजारांत विखुरलेले आहेत. हें स्थित्यंतर विचार करण्यासारखें आहे तें अशासाठीं, कीं त्यांत कोणी दरोडा घातला नाहीं. प्रत्येक पाऊल कायद्याला धरून, ठरावानें, आणि सभासदांनीं निवडलेल्या माणसांच्या संमतीनेंच पडलें.

वर्षाचें धान्य एकदम भरणाऱ्या गृहिणीला तें केव्हां भरावें हें सांगावें लागत नाहीं. सुगींत दाणा स्वस्त असतो. आषाढांत तोच महाग होतो. मधल्या चार महिन्यांत दाण्यांत कांहीं फरक पडत नाहीं. फरक पडतो तो धन्यांत. सुगींत तो शेतकऱ्याचा असतो, आषाढांत व्यापाऱ्याचा. कॅनडांतील गव्हाच्या शेतकऱ्याची स्थिति अशीच होती, किंबहुना अधिक बिकट. कारण हिवाळ्यापूर्वीं माल रेल्वेपर्यंत पोंचविणें त्याला भाग असे आणि स्टेशनावरील कोठार बहुधा एखाद्या धान्यकंपनीचें असे. तेथला कारकून सांगेल तें वजन, तो ठरवील ती प्रत, आणि माती-कचऱ्याबद्दल तो कापील ती कसर! वाघीण मागून स्वतः माल रवाना करावा म्हटलें तर वाघिणी आधीं कंपन्यांना मिळत. १९०२ सालीं सिंटालुटा या लहानशा स्टेशनावरून या पक्षपातावर शेतकऱ्यांच्या संघानें रेल्वेच्या नोकराविरुद्ध खटला भरला आणि तो जिंकला. या विजयानें पैसा फारसा मिळाला नसेल; परंतु एकत्र आलें म्हणजे रेल्वेलाहि जाब विचारतां येतो हें कळलें.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत कॅनडाच्या सरकारनें गव्हाची विक्री आपल्या हातीं घेतली होती. ती व्यवस्था १९२० मध्यें संपली आणि भाव कोसळले. तेव्हां १९२३ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांतील एक वकील, अॅरन सापिरो, सास्कॅटून शहरीं व्याख्यानासाठीं आला. फळें व इतर पिकें करणाऱ्या तिकडील बागाईतदारांना एकत्र विक्री करण्यास त्यानें शिकविलें होतें. त्याचें म्हणणें साधें होतें : एकेकट्यानें विकणें म्हणजे आपणच आपला भाव पाडणें. प्रत्येक शेतकऱ्यानें पांच वर्षांचा करार करावा आणि आपला सर्व गहूं एका संस्थेच्या हवालीं करावा. संस्थेनें बाजार पाहून तो वर्षभर विकावा. आरंभीं कांहीं रक्कम उचल म्हणून द्यावी, आणि हिशेब पुरा झाल्यावर एका प्रतीच्या गव्हाला सर्वांस सारखा दर द्यावा. प्रांतांतील गव्हाखालच्या निम्म्या जमिनीचे करार झाल्याखेरीज काम सुरू करावयाचें नाहीं अशी अट होती. ती पहिल्या प्रयत्नांत पुरी झाली नाहीं. कार्यकर्ते घरोघर फिरत राहिले, आणि १९२४ मध्यें पूल उभा राहिला. त्याचा पहिला अध्यक्ष ए. जे. मॅकफेल हा स्वतः शेतकरी होता.

येथें भांडवलाचा प्रश्न आला. कोठारें बांधावयास पैसा हवा, आणि शेतकऱ्याजवळ रोकड नाहीं. यावर जी तोड काढली गेली तिच्यांतच पुढील सत्तर वर्षांच्या भरभराटीचें आणि शेवटच्या अडचणीचेंहि बीज आहे. प्रत्येक बुशेलमागें, म्हणजे सुमारें २७ किलो गव्हामागें, दोन सेंटपर्यंत रक्कम कोठारांसाठीं कापून घ्यावयाची. शिवाय विक्रीच्या रकमेंतून एक टक्का राखीव निधीसाठीं. कापलेली रक्कम बुडीत नव्हे. ती त्या शेतकऱ्याच्या नांवें खातेवहींत जमा राही. ज्याचा माल अधिक त्याचें भांडवल अधिक. मतदान मात्र माणशीं एकच! हजार बुशेल घालणारा आणि दहा हजार बुशेल घालणारा सभेंत सारखे. भांडवल मालाप्रमाणें आणि अधिकार माणसाप्रमाणें, हा सहकाराचा मूळ कांटा होय. १९२६ मध्यें पूलानें सास्कॅचेवानमधील जुनी सहकारी कोठार-कंपनी विकत घेतली, आणि दोन वर्षांपूर्वीं ज्याच्याजवळ स्वतःचें एकहि कोठार नव्हतें त्या संस्थेच्या हातांत चारशेंहून अधिक कोठारें आलीं.

नंतर १९२९ साल उजाडलें. त्या हंगामांत पूलानें बुशेलमागें एक डॉलर उचल जाहीर केली होती. जगाचा बाजार कोसळला. १९३२ च्या अखेरीस गव्हाचा भाव ४० सेंटांच्याहि खालीं गेला. दिलेली उचल वसूल होईना. शेजारच्या आल्बर्टा आणि मॅनिटोबा प्रांतांतहि असेच पूल होते. तिघांचें मिळून बँकांचें देणें दोन कोटि डॉलरांवर गेलें आणि प्रांतिक सरकारें जामीन राहिलीं म्हणूनच संस्था जगल्या. मॅकफेल १९३१ मध्यें वारला. करारानें गहूं एकत्र विकण्याचा मूळ प्रयोग तेथेंच संपला. तें काम पुढें १९३५ मध्यें स्थापन झालेल्या सरकारी गहूंमंडळाकडे गेलें. परंतु कोठारें राहिलीं, आणि त्या कोठारांच्या उत्पन्नांतून देणें फेडण्याचें काम जवळजवळ दोन दशकें चाललें. वादळी धुळीचीं, अवर्षणाचीं तीं वर्षें होतीं. कित्येक कुटुंबें जमीन सोडून निघून गेलीं. जीं राहिलीं त्यांनीं, दुसऱ्या कोठाराचा कारकून एखाद्या सेंटानें अधिक देत असतांहि, आपली गाडी पूलाच्या कोठाराकडे वळविली.

ही गोष्ट जरा थांबून ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९४० च्या सुमारास ज्यानें निष्ठेनें गहूं घातला त्याच्या खात्यावर कांहीं डॉलर जमले असतील; पण त्याच्या निष्ठेनें जी संस्था वांचली तिची किंमत त्या खात्यांत कोठें लिहिली होती? सहकारी संस्थेची खरी मालमत्ता दोन तऱ्हेची असते. एक खातेवहींत नांवानिशीं मांडलेली. दुसरी कोणाच्याच नांवानें न मांडलेली, मागल्या पिढ्यांच्या विश्वासानें आणि कष्टानें सांठत आलेली. पहिली वांटून देतां येते. दुसरी वांटावयाची झाल्यास ती कोणाची, याचें उत्तर कोणत्याच हिशेबनिसाला देतां येत नाहीं.

युद्धोत्तर काळांत पूल भरभराटला. प्रांतांतील निम्म्याहून अधिक धान्य त्याच्या कोठारांतून जाऊं लागलें. गांवोगांव सभासदांच्या समित्या होत्या. त्या प्रतिनिधि निवडीत, प्रतिनिधि संचालक निवडीत, आणि वार्षिक सभेंत व्हँकूव्हरच्या बंदरापासून शाळांच्या प्रश्नांपर्यंत सर्व विषयांवर दिवसचे दिवस चर्चा चाले. ‘वेस्टर्न प्रोड्यूसर’ हें शेतकऱ्यांचें साप्ताहिक पूलाच्याच मालकीचें होतें, आणि तें घरांतील मुलेंबाळेंहि वाचीत. थोडक्यांत, पूल म्हणजे केवळ दुकान नव्हतें. त्या प्रांताची ती एक शाळाच होती.

पण खातेवहींतलें तें जमा भांडवल वाढत होतें, तसे त्याचे धनीहि म्हातारे होत होते. शेतकरी निवृत्त झाला, कीं त्याचे पैसे परत करावे लागत, आणि ते न्याय्यहि होतें. जमिनी मोठ्या होत चालल्या, शेतकऱ्यांची संख्या घटली, तरुण थोडे, वृद्ध पुष्कळ. ज्या पैशांतून नवीं कोठारें बांधावयाचीं तोच पैसा दरसाल निवृत्तांच्या हातीं द्यावा लागे. शिवाय सभासदाचें भांडवल घातल्या रकमेइतकेंच राही. संस्था कितीहि मोठी झाली तरी खात्यावरचा डॉलर एकच डॉलर. त्यामुळें साठीला आलेल्या सभासदास वीस वर्षांनीं फळ देणाऱ्या बांधकामांत रस कां असावा? यांत त्याचा लोभ शोधण्याचें कारण नाहीं. जें झाड आपल्या हयातींत फळणार नाहीं आणि विकतांहि येणार नाहीं, तें लावण्यास सांगणारी व्यवस्था माणसाकडून वर्षानुवर्षें फार मोठ्या उदारपणाची अपेक्षा करीत असते. आणि पूलाच्या सभासदांनीं सत्तर वर्षें ती पुरी केली हेंच नवल.

१९९५ मध्यें आणखी एक घाव बसला. धान्याच्या रेल्वेवाहतुकीला कॅनडा सरकार जें साहाय्य देत असे तें बंद झालें. भाडें वाढलें, रेल्वे-कंपन्या लहान फांटे बंद करूं लागल्या. गांवोगांवचीं लांकडी कोठारें आतां परवडेनात. त्यांच्या जागीं शंभर वाघिणी एकदम भरणारीं सीमेंटचीं प्रचंड कोठारें हवीं होतीं. अमेरिकेंतील बड्या धान्यकंपन्या सरहद्दीपलीकडून येऊं लागल्या होत्या. पैसा हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

मग १९९६ मध्यें पूलानें टोरोंटोच्या शेअरबाजारांत पाऊल टाकलें. युक्ति मोठी चतुर होती. दोन तऱ्हेचे शेअर काढले. एक सभासदाचा : प्रत्येक शेतकऱ्यास एकच, मत त्याचेंच, तो बाजारांत विकावयाचा नाहीं. दुसरा भांडवलाचा : तो कोणीहि घ्यावा, कोणीहि विकावा, मताचा अधिकार नाहीं. खातेवहींतील जुनें भांडवल या दुसऱ्या तऱ्हेच्या शेअरांत रूपांतरित झालें. निवृत्त शेतकऱ्याला पैसे हवे असतील तर त्यानें ते आतां संस्थेकडे न मागतां बाजारांत जाऊन घ्यावे. संस्थेची गळती थांबली. वृद्धांचें घर भरलें. मतदानहि शेतकऱ्यांच्या हातीं राहिलें. पुढें भाव चढतहि गेला, आणि ज्यांनीं त्या चढत्या काळांत शेअर विकले त्यांना आपल्या आजोबांच्या दोन सेंटांचें एवढें मोल होतें हें पहिल्यानेंच कळलें. त्यांनीं विकले म्हणून त्यांना दोष देणें सोपें आहे. मुलाला शेती सोडून शहरांत घर घ्यावयाचें असतां हातांतला कागद कोण जपून ठेवील?

तथापि एक गोष्ट त्या दिवशीं बदलली होती, आणि ती कोणत्याहि ठरावांत लिहिलेली नव्हती. जोंपर्यंत गहूं घालणारा आणि मालक एकच होता, तोंपर्यंत कोठाराचा नफा आणि गव्हाचा भाव यांचें भांडण एकाच माणसाच्या दोन खिशांत होतें. कोठारानें वजनावर, प्रतीवर, हमालीवर अधिक कापलें तर डाव्या खिशांतून गेलेलें उजव्या खिशांत येई. शेअर बाजारांत गेल्यावर उजवा खिसा दुसऱ्याच्या अंगरख्याला लागला. टोरोंटोंतील भागधारकास कोठारानें शेतकऱ्याकडून अधिक घ्यावें असें वाटणें हें स्वाभाविक आहे. त्यासाठीं तो दुष्ट असण्याची आवश्यकता नाहीं. आणि संचालक जरी शेतकऱ्यांनीं निवडलेले होते, तरी त्यांना आतां दररोज सकाळीं वर्तमानपत्रांत आपल्या कर्तृत्वाचा भाव छापलेला दिसूं लागला.

पूलानें नव्या पैशावर आणि त्याहून पुष्कळ अधिक कर्जावर मोठमोठे बेत हातीं घेतले. सीमेंटचीं कोठारें झपाट्यानें उभीं राहिलीं, शेंकडों लांकडी पाडलीं गेलीं. पोलंडमधील गडान्स्क बंदरावर धान्याचें कोठार, डुकरांचे मोठे वाडे, एवढेंच काय पण डोनट नांवाच्या गोड वड्यांचीं दुकानेंहि या गव्हाच्या संस्थेच्या मालकीचीं होतीं! अपयश आलें तें लवकरच. दशकाच्या अखेरीस तोटे सुरू झाले. २००१ आणि २००२ हीं दोन्ही वर्षें अवर्षणाचीं गेलीं. कर्जाच्या व्याजासाठीं एकामागून एक मालमत्ता विकावी लागली. २००२ मध्यें ‘वेस्टर्न प्रोड्यूसर’ साप्ताहिकहि विकलें गेलें. २००३ च्या आरंभीं धनकोंशीं नवा करार करून दिवाळें टळलें, पण तोंपर्यंत शेअर एका डॉलरच्या आंत घसरला होता. वर विकणारे सुटले. निष्ठेनें जपून ठेवणारे बुडाले. सहकाराच्या इतिहासांत निष्ठेला असें उलटें फळ क्वचितच मिळालें असेल.

आतां नवें भांडवल मिळवावयाचें तर गुंतवणूकदार विचारूं लागले, कीं पैसा आमचा आणि मत दुसऱ्याचें हें कसें? १९९६ मध्यें या प्रश्नाला उत्तर होतें; संस्था तेव्हां सबळ होती. २००५ मध्यें उरलें नव्हतें. त्या वर्षीं पूल सामान्य कंपन्यांच्या कायद्याखालीं आला, दोन तऱ्हेचे शेअर जाऊन एकच राहिला, आणि माणशीं एक मत हा नियम इतिहासजमा झाला. पुढचें वेगानें झालें. आल्बर्टा आणि मॅनिटोबा येथील पूल याआधींच एकत्र होऊन, नंतर दुसऱ्या एका शेतकरी-कंपनींत मिसळून ‘अॅग्रिकोर युनायटेड’ झाले होते. २००७ मध्यें सास्कॅचेवाननें तिलाहि विकत घेतलें आणि ‘व्हायटेरा’ असें नांव धारण केलें. २०१२ मध्यें स्वित्झर्लंडमधील ग्लेनकोर या व्यापारी कंपनीनें ६१० कोटि कॅनेडियन डॉलरांना व्हायटेरा घेतली. २०२५ च्या जुलैमध्यें ती बंगी या जुन्या धान्यव्यापारी कंपनींत विलीन झाली. सापिरोच्या व्याख्यानाला तेव्हां एकशेंदोन वर्षें होत आलीं होतीं.

या सर्वांत शेतकऱ्याचें नुकसान किती झालें हें आंकड्यांत सांगणें सोपें नाहीं, आणि अतिशयोक्ति करण्यांत अर्थ नाहीं. सीमेंटचीं कोठारें लांकडी कोठारांहून कार्यक्षम आहेत. सहकारी संस्था राहती तरी लांकडी कोठारें पाडावींच लागतीं. गहूं अजूनहि पिकतो आणि विकला जातो. मात्र कारकुनानें प्रत खालची लावली तर १९२० पूर्वींच्या शेतकऱ्यास जें करतां येई तेंच आजच्याला करतां येतें : दुसऱ्या कंपनीच्या कोठाराकडे जाणें, तें जवळ असल्यास. सभेंत उभें राहून जाब विचारण्याची जागा मधल्या ऐंशी वर्षांपुरती होती.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांना हें चित्र अगदीं परकें वाटणार नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे-पाटील यांच्या पुढाकारानें आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं प्रवरेचा सहकारी साखर-कारखाना उभा राहिला, आणि १९५० मध्यें त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. त्याच्या मागोमाग शेतकऱ्यांच्या शेअरांवर आणि उसाच्या बिलांतून कापलेल्या ठेवींवर, म्हणजे पुन्हा त्या दोन सेंटांवरच, कारखान्यांची रांग लागली. त्यांतील कित्येक पुढें आजारी पडले, आणि २००२ च्या कायद्यानें तारण मालमत्ता न्यायालयांत न जातां विकण्याचा अधिकार बँकांना मिळाल्यावर कांहीं खासगी कंपन्यांच्या हातीं गेले. कांहीं विक्रींच्या किमतींविषयींचा वाद न्यायालयापर्यंत पोंचला. येथें शेअरबाजार मध्यें आलाच नाहीं. सास्कॅचेवानच्या म्हाताऱ्याला निदान विकावयास एक कागद मिळाला होता. लिलाव झालेल्या कारखान्याच्या सभासदाच्या हातांत शेअरच्या दाखल्याखेरीज कांहीं राहिलें नाहीं, आणि त्याचें मतहि कोणी विचारलें नाहीं.

त्याच २००२ सालीं भारताच्या कंपनी-कायद्यांत एक दुरुस्ती झाली. अर्थशास्त्रज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून ‘उत्पादक कंपनी’ नांवाचा नवा प्रकार त्यांत आला. सहकारी संस्थेला सरकारी निबंधकाच्या जाचांतून सुटून कंपनी व्हावयाचें असेल तर ती वाट मोकळी झाली. परंतु भागधारक उत्पादकच असला पाहिजे, मत माणशीं एक, आणि शेअर बाजारांत विकतां यावयाचा नाहीं, हीं कुंपणें कायद्यानेंच घातलीं. दार उघडें पण उंबरठा उंच, असा हा प्रकार आहे. बाहेरचें भांडवल त्या उंबरठ्यावर अडतें हें खरें, आणि अशा कंपन्यांची सदैव तक्रार भांडवलाच्या टंचाईचीच असते.

रूपांतरानंतर संस्था बुडाली नाहीं, उलट जगभर पसरली, असें उदाहरण पाहावयाचें तर आयर्लंडच्या नैर्ऋत्येस केरी परगण्यांत जावें लागतें. तेथील दूध-उत्पादकांनीं १९७४ मध्यें सरकारी दूधसंकलन-केंद्रें विकत घेऊन ‘केरी को-ऑप’ स्थापन केली. डेनिस ब्रॉस्नन हा तिचा कर्ता व्यवस्थापक. १९८६ मध्यें को-ऑपनें आपला सारा धंदा एका नव्या कंपनीला दिला आणि मोबदल्यांत तिचे बहुसंख्य शेअर घेतले. ते ५१ टक्क्यांच्या खालीं जाऊं द्यावयाचे नाहींत असा नियम होता. दहा वर्षांनीं, १९९६ मध्यें, वाढत्या कंपनीला नवे शेअर काढावयाचे होते म्हणून सभासदांनींच तो नियम काढून टाकला. सास्कॅचेवानच्या मानानें येथें नशीब उघडलें. कंपनीनें अमेरिकेंत आणि अन्यत्र खाद्यपदार्थांना लागणाऱ्या चवींचे व मिश्रणांचे कारखाने घेतले, शेअरचा भाव वर्षानुवर्षें चढला, आणि ज्या आज्यानें चार गाईंच्या दुधावर थोडे शेअर घेतले होते त्याच्या नातवंडांना त्यांतून शिक्षण आणि घरें लाभलीं.

पण दूध घालणारा आणि शेअर बाळगणारा यांची फारकत येथेंहि झालीच. कोणी गाई विकल्या, कोणी वारला आणि शेअर शहरांतल्या मुलीकडे गेले. अशा दूध न घालणाऱ्या सभासदास आयर्लंडमध्यें ‘कोरडा’ भागधारक म्हणतात. मराठी शेतकरी त्याला एका शब्दांत ‘भाकड’ म्हणाला असता. कोरड्यांना शेअरचा भाव हवा, ओल्यांना दुधाचा; आणि सभा एकच! दुधाला शेजारच्या सहकारी संस्थांइतका दर देण्याचें जें आश्वासन होतें तें पाळलें गेलें कीं नाहीं यावरून कंपनी आणि दूधवाले यांच्यांत अनेक वर्षें तंटा चालला, आणि तो लवादापर्यंत गेला. ज्या कंपनीशीं भांडावयाचें तिचेच शेअर आपल्या संस्थेच्या पेटींत आहेत, अशी ती चमत्कारिक स्थिति होती.

डिसेंबर २०२४ मध्यें केरी को-ऑपच्या सभासदांनीं मोठ्या बहुमतानें एक ठराव केला. संस्थेच्या पेटींतील बहुतेक शेअर सभासदांना वांटून द्यावयाचे; ज्याला विकावयाचे त्यानें ते विकावे, ज्याला ठेवावयाचे त्यानें ठेवावे. उरलेल्या भांडवलाच्या बळावर कंपनीकडून आयर्लंडमधील तिचा दुधाचा धंदा विकत घ्यावयाचा. संपूर्ण धंद्याची किंमत सुमारें ५० कोटि युरो ठरली; त्यांपैकीं ७० टक्के हिस्सा प्रथम आणि बाकीचा पुढें. अडतीस वर्षांपूर्वीं दूधवाल्यांच्या ज्या संस्थेनें आपला धंदा कंपनीच्या हवालीं केला होता, तिनेंच त्याचा दुधाचा भाग अशा रीतीनें मोल देऊन परत घेतला, आणि २०२५ च्या आरंभीं केंद्रांवर जमा होणाऱ्या दुधाचा हिशेब पुन्हा को-ऑपच्या वहींत मांडला जाऊं लागला.